जुना बजेट स्मार्टफोन घ्यावा का?

बजेट स्मार्टफोन म्हणजे भारतीय बाजारात साधारण सात हजारांपासून पंधरा हजार रुपयांपर्यंत मिळणारा फोन. या गटातले जुने फोन तीन वाटांनी पुन्हा विक्रीला येतात. पहिली वाट थेट हस्तांतराची: कुणीतरी वापरलेला फोन ओळखीतून किंवा गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानातून दुसऱ्याकडे जातो. दुसरी रिफर्बिश्ड फोनांची: जुना फोन तपासून, साफ करून, गरज पडल्यास बॅटरी किंवा स्क्रीन बदलून, काही महिन्यांच्या वॉरंटीसह विकला जातो. तिसरी वाट चटकन लक्षात येत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचे मॉडेल दुकानात शिल्लक राहिलेले असते आणि सीलबंद खोक्यात, नव्या बिलासह, ‘ऑफर’ म्हणून विकले जाते. ग्राहकाच्या लेखी तो नवा फोन असतो. प्रत्यक्षात त्याचे बरेचसे आयुष्य दुकानाच्या फळीवरच संपलेले असते.

तिन्ही वाटांत किंमत कमी असते. ती कमी किंमत म्हणजे खरी बचत की पुढे ढकललेला खर्च, हे ठरवताना बहुतेक लोक रॅम, मेगापिक्सेल आणि स्क्रीनवरचे ओरखडे पाहतात. खरा निकाल मात्र दुसऱ्याच गोष्टीवर लागतो. त्या फोनला सुरक्षेच्या अपडेट अजून मिळतात का, आणि मिळत असतील तर आणखी किती वर्षे, ही ती गोष्ट.

स्वस्त फोन टिकाऊ आणि कामाचा असू शकतो, हे भारतीय ग्राहकाला पटले ते गेल्या दशकात. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटोरोलाचा ‘मोटो जी’ फ्लिपकार्टवर १२,४९९ रुपयांना आला आणि त्या किमतीत अडखळत न चालणारा फोन मिळतो याची लोकांना प्रचिती आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गुगलने मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या कंपन्यांना हाताशी धरून ‘अँड्रॉइड वन’ हा उपक्रम भारतातूनच सुरू केला. ६,३९९ रुपयांच्या त्या फोनांना नव्या अँड्रॉइडच्या अपडेट थेट मिळतील, असे आश्वासन होते. स्वस्त फोनलाही अपडेट मिळण्याचा हक्क आहे, हा विचार तेव्हा नवा होता. उपक्रम फार चालला नाही, विचार मात्र बरोबर होता आणि तो बाजारात रुजायला पुढे दहा वर्षे लागली. जानेवारी २०१७ मध्ये शाओमीचा ‘रेडमी नोट ४’ आला. ९,९९९ रुपयांपासून सुरू होणारी किंमत, ४,१०० एमएएचची बॅटरी आणि कमी वीज खाणारी स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप, यांमुळे तो घराघरांत पोचला. त्या पिढीतले कित्येक फोन आजही चालू स्थितीत सापडतात.

म्हणजे जुन्या फोनचे यंत्र निकामी झालेले नसते. उलट काही बाबतींत जुने यंत्र नव्या स्वस्त फोनच्या तोडीचे असते. मार्च २०१९ मध्ये १३,९९९ रुपयांपासून विकल्या गेलेल्या ‘रेडमी नोट ७ प्रो’मध्ये स्नॅपड्रॅगन ६७५ ही चिप होती. तिचे दोन मुख्य गाभे ‘कॉर्टेक्स-ए७६’ या आराखड्यावर बेतलेले होते आणि सोबत सहा छोटे गाभे होते. आता फेब्रुवारी २०२५ मध्ये सवलतीसह ९,४९९ रुपयांपासून आलेला सॅमसंगचा ‘गॅलेक्सी एम०६ फाइव्ह-जी’ पाहावा. त्यातल्या डायमेन्सिटी ६३०० या चिपमध्येही दोन ‘ए७६’ आणि सहा छोटे गाभे आहेत. नवी चिप ६ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनलेली असल्याने ती जास्त गतीने चालते आणि वीज कमी खाते, शिवाय तिला फाइव्ह-जी येते. पण आराखडा तोच आहे. सहा वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन फोनांत व्हॉट्सअॅप उघडण्याच्या वेगात सामान्य वापरणाऱ्याला जमीन-अस्मानाचा फरक जाणवणार नाही.

स्क्रीनच्या बाबतीत तर जुना फोन कधीकधी सरसच ठरतो. ‘नोट ७ प्रो’ची स्क्रीन फुल एचडी होती. २०२० साली पंधरा हजारांच्या आसपास मिळणाऱ्या ‘गॅलेक्सी एम३१’ला फुल एचडी अॅमोलेड स्क्रीन आणि ६,००० एमएएचची बॅटरी होती. ‘एम०६’ची स्क्रीन मोठी असूनही साध्या एचडी दर्जाची आहे, त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडा थोड्या धूसर दिसतात. फाइव्ह-जीचा मोडेम, वाढलेली मेमरी आणि २०२० च्या एप्रिलपासून मोबाइलवर १२ ऐवजी १८ टक्के झालेला जीएसटी, हे सगळे त्याच दहा हजारांत बसवायचे म्हटल्यावर कंपन्या स्क्रीन आणि कॅमेऱ्यात हात आखडता घेतात. ‘जुन्या फोनचे डिस्प्ले काय सुंदर होते’, असे दुकानदार सांगतात तेव्हा ते नुसती विक्रीची भाषा बोलत नसतात. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरी चिपचे भाव चढले आणि नवे स्वस्त फोन आणखी महागले, त्यामुळे जुन्याकडे वळणाऱ्यांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे.

यंत्रात खरोखर म्हातारपण येते ते दोन ठिकाणी: साठवणुकीत आणि बॅटरीत. ‘फोन हँग होतो’ ही तक्रार बहुधा चिपची नसून साठवणुकीची असते. जुन्या बजेट फोनांत ईएमएमसी प्रकारची साठवणूक असे. ती मुळातच यूएफएस प्रकारापेक्षा संथ, आणि फोटो-व्हिडिओंनी गच्च भरली की आणखी संथ होते. त्यात भर म्हणजे अॅप दरवर्षी फुगत जातात. २०१७ मध्ये ३२ जीबी पुरत होते; आज एकट्या व्हॉट्सअॅपच्या फोटो-व्हिडिओंनी त्यातला निम्मा भाग भरलेला आढळतो. रॅमचेही तसेच. चार जीबीपेक्षा कमी रॅमच्या फोनवर एका अॅपमधून दुसऱ्यात जाऊन परत यावे, तर पहिले अॅप नव्याने सुरू झालेले असते. बँकेचा ओटीपी पाहायला संदेश उघडावा आणि परत येईपर्यंत व्यवहाराचे पान गेलेले असावे, हा प्रकार अशा फोनांवर सर्रास घडतो. आज फोन घ्यायचा तर चार जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही खालची मर्यादा मानावी. सहा आणि १२८ असेल तर उत्तम.

लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते, तशी नुसती पडून राहूनही झिजते. साधारण पाचशे पूर्ण चार्जिंगनंतर तिची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, असा ढोबळ अंदाज धरला जातो. रोज एकदा चार्ज होणाऱ्या फोनच्या बाबतीत हे दीड वर्षात घडते. सीलबंद जुन्या फोनचा धोका इथेच आहे. खोक्यात दोन-तीन वर्षे पडलेली बॅटरी पूर्ण उतरून खराब झालेली असू शकते, आणि ग्राहक मात्र ‘पेटी-पॅक’ म्हणून निर्धास्त असतो. बॅटरी बदलता येते आणि बजेट फोनची बॅटरी फार महाग नसते. मजुरीसह हजार-बाराशेच्या आत काम होते. मात्र मूळ कंपनीची बॅटरी मिळणे जुन्या मॉडेलला अवघड जाते. दुकानदार जी लावतो ती बहुधा ‘कॉपी’ असते, लेबलवर लिहिलेले एमएएच आणि आतले एमएएच यांचा मेळ नसतो. फोनची मागची बाजू किंचित फुगलेली असेल, स्क्रीन एका कडेने उचललेली दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे. असा फोन कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये आणि चार्जिंगला तर लावूच नये.

आता मुख्य मुद्दा. अँड्रॉइड ही प्रणाली गुगल तयार करते. चिपची कंपनी तिला आपल्या चिपसाठी जुळवते. फोनची कंपनी त्यावर आपला साज चढवते. एखादी त्रुटी सापडली की तिची दुरुस्ती याच साखळीतून ग्राहकापर्यंत यावी लागते. साखळीतल्या एकाने हात वर केले की दुरुस्ती तिथेच थांबते. फोन चालूच राहतो, त्यावर काहीही बिघाड दिसत नाही, आणि म्हणूनच हा धोका लोकांच्या ध्यानात येत नाही.

त्रुटी किती गंभीर असू शकते याचे ठळक उदाहरण २०१५ चे. अँड्रॉइडमध्ये ध्वनी-चित्रफिती वाचणाऱ्या ‘स्टेजफ्राइट’ या भागात दोष सापडला. खास तऱ्हेने तयार केलेला एक मल्टिमीडिया संदेश आला की वापरणाऱ्याने तो न उघडताही फोनचा ताबा जाण्याची शक्यता होती. त्या धक्क्यानंतर ऑगस्ट २०१५ पासून गुगलने दरमहा सुरक्षा-दुरुस्त्या काढण्याची पद्धत सुरू केली. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्लूटूथमधला असाच दोष दुरुस्त झाला. अँड्रॉइड ८ आणि ९ च्या फोनांवर जवळपासचा कुणीही ब्लूटूथवाटे, मालकाने काहीही न दाबता, आत शिरू शकत होता. ज्या फोनांना फेब्रुवारी २०२० नंतरचे अपडेट मिळाले ते सुटले. ज्यांच्या कंपन्यांनी त्याआधीच अपडेट थांबवले होते, त्यांत तो दोष आजही जसाच्या तसा आहे. असा फोन विकत घेताना तो दोषही त्याच पैशांत घरी येतो.

दरवर्षीच्या नव्या अँड्रॉइडमध्ये नुसती रंगरंगोटी असते, हाही गैरसमजच. अँड्रॉइड १० ने मागे दडून चालणाऱ्या अॅपना क्लिपबोर्ड वाचायला मनाई केली. त्याआधी कॉपी केलेला पासवर्ड कुठलेही अॅप पाहू शकत होते. ११ मध्ये ‘फक्त या वेळेपुरती’ परवानगी देण्याची सोय आली. १२ पासून कॅमेरा किंवा माइक चालू झाला की स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटते. १३ ने केलेला बदल भारतीय वापरणाऱ्यासाठी सर्वांत मोलाचा आहे. व्हॉट्सअॅपवर लग्नाची पत्रिका, वाहनाच्या दंडाचे चलन किंवा बँकेची सूचना म्हणून एपीके, म्हणजे अॅप बसवणारी, फाइल येते. ती बसवली की बनावट अॅप ‘अॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागते. ती मिळाली की त्या अॅपला स्क्रीनवरचे सगळे वाचता येते, मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. बँक खाते रिकामे करण्याच्या कित्येक प्रकारांत ही परवानगी हेच मुख्य हत्यार असते. बाहेरून आलेल्या अशा अॅपला अँड्रॉइड १३ ही परवानगी सहजासहजी देऊ देत नाही. अडथळा अभेद्य नाही, पण गडबडीत ‘ओके’ दाबणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासाठी तो पुष्कळ आहे. जुन्या फोनवर तो नसतोच.

या पार्श्वभूमीवर वरच्या दोन जुन्या फोनांचे काय झाले ते पाहावे. ‘नोट ७ प्रो’ अँड्रॉइड ९ सह आला आणि १० वर थांबला. ‘एम३१’ अँड्रॉइड १० सह आला आणि १२ पर्यंत पोचला. अँड्रॉइड १२ साठी दुरुस्त्या पुरवणे खुद्द गुगलनेच मार्च २०२५ नंतर बंद केले. दोन्ही फोनांची यंत्रे तगडी, स्क्रीन सुरेख, आणि तरीही बँकेच्या व्यवहारासाठी दोन्ही आता भरवशाचे नाहीत. चांगले यंत्र केवळ सॉफ्टवेअरच्या अनास्थेने बाद व्हावे, ही खेदाची बाब आहे. फोनच्या आयुष्यभरात होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात तयार होतानाच पडतो. म्हणून चालता फोन लवकर बाद होणे हे केवळ ग्राहकाचे नुकसान नाही.

सुरक्षेकडे कानाडोळा केला, तरी अॅपच एक दिवस साथ सोडतात. गुगल प्ले सर्व्हिसेस हा अँड्रॉइडचा पाया. तिने अँड्रॉइड ४.४ चा आधार २०२३ मध्ये काढला. व्हॉट्सअॅपने त्याच आवृत्तीला २०२५ च्या सुरुवातीला निरोप दिला. क्रोम ब्राउझर जुन्या आवृत्त्या आणखी लवकर सोडतो. २०२३ च्या अखेरीस त्याला अँड्रॉइड ८ लागू लागले आणि ऑगस्ट २०२५ पासून नव्या आवृत्तीला अँड्रॉइड १० हवे. क्रोमचे थांबणे वाटते त्याहून जास्त जाचक असते. कित्येक अॅप आपली पाने दाखवायला क्रोमच्याच आतल्या यंत्रणेचा, वेबव्ह्यूचा, आधार घेतात. ती जुनी राहिली की विजेचे बिल भरण्याचे पान अर्धवट उघडते, तिकिटाचे पैसे भरताना चक्र फिरतच राहते, आणि दोष ‘नेट स्लो आहे’ म्हणून भलत्याच्या माथी जातो.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना हा अनुभव वेगळ्या दारातून येतो. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, जीपीएस चालू ठेवून, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद सातबाऱ्यावर चढवायची असते. अॅपची आवृत्ती बदलत राहते. फोनची जागा भरलेली, जीपीएस रेंगाळणारे, अँड्रॉइड जुने, अशी तिन्ही दुखणी असलेला फोन बांधावर उपयोगाचा राहत नाही. नोंदीची मुदत मात्र कुणासाठी थांबत नाही. अशा कामासाठी फोन घेताना तो दुकानाबाहेर मोकळ्या आकाशाखाली नेऊन नकाशाचे अॅप उघडावे आणि ठिपका किती वेळात जागेवर येतो ते पाहावे.

नेटवर्कच्या बाबतीत पहिली अट व्होल्टीची, म्हणजे फोर-जीवरून कॉल करण्याच्या सोयीची. जिओचे जाळे सुरुवातीपासून टू-जी, थ्री-जीविना उभे आहे, त्यामुळे व्होल्टी नसलेल्या फोनवरून त्याचा साधा कॉलही लागत नाही. गेल्या सात-आठ वर्षांतल्या जवळपास सर्व स्मार्टफोनांत ही सोय असते. फाइव्ह-जीचे प्रकरण जरा किचकट आहे. भारतात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, पण ‘फाइव्ह-जी’ असे छापलेले फोन दोन वर्षे आधीपासून विकले जात होते. त्यांतल्या काहींत एन-७८ हा एकच पट्टा आहे. जिओची फाइव्ह-जी सेवा स्वतंत्र पद्धतीची असून ती एन-२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही वापरते. हा पट्टा लांबवर आणि भिंतींच्या आत पोचतो. तो नसलेला फोन गच्चीवर फाइव्ह-जी दाखवतो आणि आतल्या खोलीत फोर-जीवर येतो. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर सुरू केलेल्या स्वदेशी फोर-जी सेवेतही ७०० मेगाहर्ट्झचा वापर आहे. कोकणच्या वाडीत किंवा मेळघाटात जिथे बीएसएनएलवाचून पर्याय नाही, तिथल्या ग्राहकाने फोनला ‘बँड २८’ आहे का, हे आधी बघावे. ज्याचे काम फोर-जीवर भागते, त्याने केवळ फाइव्ह-जीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. फोर-जी इतक्यात कुठे जात नाही.

वापरलेला फोन हाती घेतल्यावर काय तपासावे, याचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दुकानदार आधी कॅमेरा दाखवतो. सुरुवात ओळखक्रमांकापासून करावी. डायलरवर *#०६# दाबले की पंधरा अंकी आयएमईआय दिसतो. इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की फोनची नोंद कळते. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वरही हीच सोय आहे. उत्तरात तो काळ्या यादीत किंवा दुबार दिसला, किंवा समोर धरलेल्या मॉडेलऐवजी दुसरेच नाव आले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. चोरीस गेलेला फोन देशभर बंद करता येतो, आणि चोरीचा माल बाळगण्याचा जाब विकत घेणाऱ्याला द्यावा लागतो. म्हणूनच मूळ बिल आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत मागण्यात संकोच नको.

त्यानंतर कुलपे. अँड्रॉइड ५.१ पासून फोन रीसेट केला तरी आधीच्या मालकाचे गुगल खाते मागितले जाते. शाओमीच्या फोनला त्यांच्या स्वतःच्या खात्याचेही कुलूप असते. आणखी एक कुलूप अलीकडचे आहे: हप्त्यावर घेतलेल्या फोनात वित्तकंपनीचे अॅप खोलवर बसवलेले असते आणि हप्ता थकला की फोन दुरून बंद केला जाऊ शकतो. पहिल्या मालकाने दोन हप्ते भरून फोन विकून टाकला, तर भुर्दंड दुसऱ्याला. यावर उपाय एकच: विकणाऱ्यासमोर फोन पूर्ण रीसेट करावा, आपले सिम घालून आपल्या खात्याने सुरू करावा आणि मगच पैसे द्यावेत.

रीसेट झाल्यावर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली अँड्रॉइडची आवृत्ती आणि ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख पाहावी. ही तारीख तीन-चार महिन्यांच्या आतली असेल तर फोन अजून कंपनीच्या देखभालीत आहे. ती वर्षभरापूर्वीची असेल आणि ‘अपडेट तपासा’ म्हटल्यावर काहीही येत नसेल, तर कंपनीने त्याला सोडून दिले आहे. ही तारीख पाहायला एक मिनिट लागते, आणि तीच सर्वांत कमी लोक पाहतात. मग यंत्र तपासावे. सॅमसंगवर *#०*# आणि शाओमीवर *#*#६४८४#*#* दाबल्यास कंपनीचे आतले चाचणी-पान उघडते. स्क्रीन, स्पीकर, माइक, सेन्सर एकेक करून बघता येतात. पांढऱ्या रंगाची स्क्रीन पूर्ण उजळवून अॅमोलेडवर हिरवी उभी रेघ किंवा कीबोर्डची पुसट छाया दिसते का, ते पाहावे. चार्जरची पिन घालून हलकेच हलवावी. चार्जिंग तुटत असेल तर खालचा बोर्ड बदलावा लागेल. ते काम स्वस्त असते. स्क्रीनचा ‘कॉम्बो’ मात्र अॅमोलेड असेल तर जुन्या फोनच्या निम्म्या किमतीला जातो, आणि दुकानदार त्याजागी साधा एलसीडी बसवून मोकळा होतो. आधी कुणी तसे केले असेल तर काळा रंग करडा दिसतो आणि स्क्रीनखालचा बोटाचा ठसा चालत नाही.

कंपनीने सोडलेल्या फोनवर ‘लिनिएज ओएस’सारखी स्वयंसेवकांनी बनवलेली प्रणाली चढवून त्याला नवे अँड्रॉइड देता येते. रेडमी नोट ४ च्या बाबतीत अनेकांनी ते केले. हौशी माणसासाठी हा उत्तम मार्ग आहे, पण सामान्य ग्राहकासाठी नाही. त्यासाठी बूटलोडरचे कुलूप काढावे लागते आणि तसे केलेल्या फोनवर बँकांची बरीच अॅप चालायला नकार देतात. शिवाय चिपच्या आतले बंदिस्त सॉफ्टवेअर जुनेच राहते.

गेल्या काही वर्षांत कंपन्यांचे धोरण बदलले आहे, आणि जुन्या फोनचा हिशोब त्यामुळे सुधारला आहे. सॅमसंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेल्या ‘गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जी’ला सहा वर्षे, तर वर उल्लेखलेल्या ‘एम०६’ला चार वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले आहे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार तिथे विकल्या जाणाऱ्या फोनला, विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट द्याव्या लागतात आणि सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. भारतात असे बंधन नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्ती-सुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी समिती नेमली आणि तिने २०२५ मध्ये अहवाल दिला. फोनच्या खोक्यावर अपडेटची शेवटची तारीख ठळक छापण्याची सक्ती झाली, तर ग्राहकाचे अर्धे काम होईल. ती व्हायलाच हवी.

ती होईपर्यंत हिशोब स्वतः मांडावा लागतो. किंमत अधिक दुरुस्तीचा खर्च, भागिले अपडेट मिळण्याची उरलेली वर्षे. समजा साडेपाच हजारांना जुना फोन घेतला, बॅटरीला हजार गेले, आणि अपडेट दीड वर्षच उरल्या आहेत. वर्षाला सव्वाचार हजारांहून जास्त पडले. दहा हजारांचा, चार वर्षे अपडेट मिळणारा नवा फोन वर्षाला अडीच हजारांत पडतो. तो तीनच वर्षे टिकला तरी साडेतीन हजारांच्या आत बसतो. स्वस्त फोन महाग पडला. पण तिसरा पर्याय घ्या: सहा वर्षांच्या वचनाचा, दोन वर्षे वापरलेला फोन नऊ हजारांना मिळाला, हजाराची बॅटरी घातली, तर वर्षाचा खर्च तोच अडीच हजार येतो आणि हाती स्क्रीन, कॅमेरा, मेमरी वरच्या दर्जाची येते. जुन्या फोनची खरी बाजारपेठ ही आहे. मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये घ्या की ऑनलाइन रिफर्बिश्ड घ्या, मोजायची वर्षे तीच.

अपडेट थांबलेला फोनही टाकाऊ नसतो. त्याच्याकडून मागायचे काम बदलते. गाणी, यूट्यूबवरची भजने, मुलांची अभ्यासाची चलचित्रे, दुकानातला कॅमेरा पाहणे, घरचा वाय-फाय वापरून व्हिडिओ कॉल, यासाठी ‘नोट ७ प्रो’ किंवा ‘एम३१’ दोन-तीन हजारांत मिळाला तर आनंदाने घ्यावा. त्यात बँकेचे सिम घालू नये, यूपीआय सुरू करू नये, आणि मुख्य ईमेल खात्याऐवजी वेगळे खाते वापरावे. बँकेचे ओटीपी ज्या फोनवर येतात, तो घरातला सर्वांत ताज्या अपडेटचा फोन असायला हवा. बहुतेक घरांत नेमके उलटे होते: मुलगा नवा फोन घेतो आणि निवृत्तिवेतन ज्यांच्या खात्यात जमा होते त्या आजी-आजोबांच्या हातात सर्वांत जुना फोन येतो.

एकमेव फोन म्हणून, पैशांच्या व्यवहारासह वापरायचा असेल, तर अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढची आवृत्ती, किमान चार जीबी रॅम, आणि अपडेटची निदान दोन वर्षे शिल्लक, यांपेक्षा कमी असलेला जुना फोन फुकट मिळाला तरी नाकारावा. या तिन्ही अटी पुऱ्या होत असतील, बिल असेल आणि आयएमईआय स्वच्छ असेल, तर जुना बजेट फोन निःशंक घ्यावा. त्याच किमतीच्या नव्या फोनपेक्षा तो बहुधा चांगलाच निघतो.